हार्ड लिंक : ‘दुवा’ म्हणावे की ‘नाव’?

विचारणा :
युनिक्स आणि लिनक्समधील ‘लिंक’ या सिस्टीम कॉलविषयी (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टीमला करावयाच्या विनंतीविषयी) विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहीत आहे. ‘सिंबॉलिक लिंक’साठी ‘प्रतीकात्मक दुवा’ चालून जाते, परंतु ‘हार्ड लिंक’चा ‘कठीण दुवा’ केला की कानाला खटकते. ‘दृढ दुवा’ किंवा ‘पक्का दुवा’ योग्य ठरेल का?

उत्तर :
विशेषण बदलून भागणार नाही, कारण अडचण ‘दुवा’ या नामातच आहे. दुवा म्हटला की जोडणारा एक आणि जोडले जाणारे दोघे, असे चित्र मराठी वाचकापुढे उभे राहते. हार्ड लिंकमध्ये मात्र दोन फाइली नसतातच, एकाच फाइलला दोन नावे असतात. युनिक्समध्ये फाइलचे नाव फाइलमध्ये ठेवलेले नसते. मालक, परवानग्या, आकार आणि मजकूर डिस्कवर कोठे आहे याची माहिती ‘आयनोड’ या क्रमांक दिलेल्या नोंदीमध्ये असते, तर डिरेक्टरी ही केवळ नावे आणि त्यांच्यापुढील आयनोड क्रमांक यांची यादी असते. ‘लिंक’ला आपण जुना आणि नवा असे दोन पत्ते देतो, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जुन्या पत्त्यावरून आयनोड शोधतो, नव्या ठिकाणच्या यादीत नवे नाव त्याच क्रमांकापुढे लिहितो आणि आयनोडमधील नावांची मोजणी एकाने वाढवतो. मजकुराचा एक बाइटही हलत नाही. त्यानंतर ‘एलएस’ हा फाइलींची यादी दाखवणारा आदेश ‘-एलआय’ या पर्यायासह चालवला, तर दोन्ही ओळींच्या आरंभी तोच आयनोड क्रमांक आणि परवानग्यांच्या पुढे 2 हा आकडा दिसतो. मूळ नाव कोणते आणि मागाहून दिलेले कोणते, हे त्यावरून कोणालाही सांगता येत नाही.

सिंबॉलिक लिंकचे तसे नाही. 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत आलेल्या या प्रकारात स्वतंत्र आयनोड असतो आणि त्यात दुसऱ्या फाइलचा पत्ता मजकूर म्हणून लिहिलेला असतो. मूळ फाइल गेली की तो पत्ता निरर्थक ठरतो. ‘दुवा’ हा शब्द तेथे शोभतो.

दुसरे मत :
मग ‘उर्फनाव’ का नको? एकाच व्यक्तीची दोन नावे सांगायला मराठीत ‘उर्फ’ रुळलेला आहे.

उत्तर :
‘उर्फ’च्या आधी येणारे नाव खरे आणि नंतरचे हाकेचे, असा क्रम त्या शब्दात गृहीत आहे. येथे पहिले नाव पुसले तरी दुसऱ्याचे काहीही बिघडत नाही, म्हणून ‘उर्फ’ने नेमका तोच गैरसमज परत येतो. माझ्या मते नाम ‘हार्ड लिंक’ असेच ठेवावे आणि मराठीपण क्रियापदात आणावे : ‘लिंक’ म्हणजे फाइलचे आणखी एक नाव चढवणे. याच्या उलट कॉल ‘अनलिंक’. त्याला ‘नाव काढणे’ म्हणू नये, कारण घराण्याचे नाव काढणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो. शिधापत्रिकेवरून जसे नाव कमी करतात, तसे येथेही ‘नाव कमी करणे’ म्हणावे. मोजणीही त्याबरोबर खरोखरच एकाने कमी होते. ती शून्यावर आली आणि कोणत्याही प्रोसेसने (चालू असलेल्या प्रोग्रामने) फाइल उघडून ठेवलेली नसली, की मगच डिस्कवरील जागा मोकळी होते.

विचारणा :
‘नाव चढवणे’ हे प्रयोग मर्यादा सांगतानाही टिकतील का?

उत्तर :
टिकतात, किंबहुना मर्यादा अधिक स्पष्ट होतात. आयनोड क्रमांकाला अर्थ असतो तो त्या एकाच फाइल सिस्टीमपुरता, म्हणून दुसऱ्या पार्टिशनवरील (डिस्कच्या वेगळ्या भागावरील) यादीत नाव चढवता येत नाही आणि कॉल ‘ईएक्सडीईव्ही’ ही त्रुटी देतो. तेच नाव यादीत आधीपासून असेल तर ‘ईईएक्झिस्ट’ मिळते व जुनी नोंद अबाधित राहते. या दुसऱ्या नियमावर टिपणात एखादा परिच्छेद अवश्य खर्च करावा : दोन प्रोग्राम एकाच क्षणी तेच नाव चढवू लागले तरी यश एकालाच मिळते, आणि लॉक फाइलची (‘हे काम सध्या मी करतो आहे’ असे इतर प्रोग्रामांना कळवणाऱ्या फाइलची) जुनी युक्ती याच हमीवर उभी आहे. डिरेक्टरीला मात्र लिनक्स दुसरे नाव देऊ देत नाही, अन्यथा डिरेक्टरींच्या वृक्षात फेरे निर्माण होतील. लिनक्सच्या एक्स्ट 4 या फाइल सिस्टीमवर एका फाइलला 65,000 नावांची मर्यादा आहे, पण ती सहसा आड येत नाही.