मातीतील चुनखडी मोजण्यासाठी काचेचे जुने अल्कलीमीटर वापरता येईल का?

प्रश्न (विज्ञान शिक्षक, वरूड तालुका)
शाळेच्या जुन्या कपाटात काचेची एक कुपी सापडली असून तिच्यावर दोन लहान नळ्या बसवलेल्या आहेत आणि त्यांपैकी एकीला खाली तोटी आहे. आमच्याकडे काही संत्राबागांत शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही म्हणून असे होते, हे मुलांना ठाऊक आहे. पण ती चुनखडी त्यांनी स्वतः मोजावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तर १
सर, वर्णनावरून हे श्रॉटरच्या पद्धतीचे अल्कलीमीटर, म्हणजे आम्लाने निघालेला वायू वजनातील घटीवरून मोजण्याचे उपकरण दिसते. तोटीच्या नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि दुसरीत संहत सल्फ्युरिक आम्ल भरून, कुपीत माती घालून संपूर्ण उपकरणाचे वजन करतात. मग तोटी उघडली की माती फेसाळते आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड सल्फ्युरिक आम्लातून कोरडा होऊन बाहेर पडतो. वजनातील घट म्हणजेच निघून गेलेला वायू. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटपासून, म्हणजे चुनखडीच्या मुख्य घटकापासून ४४ ग्रॅम वायू निघतो, म्हणून चुनखडीचे वजन काढण्यासाठी घटीला २.२७ ने गुणावे. मात्र १० टक्के चुनखडी असलेल्या २ ग्रॅम मातीतून जेमतेम ०.०८८ ग्रॅम वायू निघतो, त्यामुळे मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू नसेल तर आकड्यावर विसंबता येणार नाही.

उत्तर २
हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने कुपीत साचून राहतो. म्हणून शेवटी कुपी किंचित गरम करून तिच्यातून कोरडी हवा ओढावी आणि ती पूर्ण थंड झाल्यावरच वजन करावे. संहत सल्फ्युरिक आम्ल मुलांच्या हाती देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. शाळेसाठी वायूचे आकारमान मोजणारे कॅल्सिमीटर अधिक बरे. साध्या पाण्यात हा वायू विरघळतो, म्हणून मोजनळीत आम्ल मिसळलेले मिठाचे संपृक्त पाणी घ्यावे. तापमानाची नोंदही अवश्य ठेवावी, कारण त्याच २ ग्रॅम मातीतला वायू ० अंशाला सुमारे ४५ मिलिलिटर भरतो, तर आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना कोरडा धरूनही ५२ मिलिलिटर भरतो.

उत्तर ३ (अकोला जिल्हा)
नावात अल्कली असले तरी जमीन चोपण (जास्त सोडियममुळे बिघडलेली) आहे की नाही, हे या उपकरणातून कळत नाही. पूर्णा खोऱ्यातील आमच्या खारपाणपट्ट्यात खरा प्रश्न मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमचा आहे. त्यासाठी सामू (पीएच) आणि असे धरून बसलेले, म्हणजेच विनिमयक्षम सोडियम तपासावे लागते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आधी शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट घेऊन ४४ टक्के घट येते का, ते मी स्वतः पडताळून पाहीन; मुलांसाठी मात्र मोजनळीचीच मांडणी करीन.