नागपूर आकाशवाणी: स्वतःचा आवाज हवा की नुसता सहक्षेपणाचा टॉवर?

संत्रानगरीचा श्रोता

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हा नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजधानीचा मान गेला, पण हे केंद्र राहिलं. सिव्हिल लाइन्समधल्या चौकाला लोकांनी आकाशवाणी चौक हेच नाव दिलं. 'मध्यम लहरी ५१२.८ मीटर अर्थात ५८५ किलोहर्ट्झ' हे वाक्य विदर्भात कितीतरी घरांत पाठ होतं.

जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला होता. पुण्यात ओरड झाली आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री अनुराग ठाकूर यांनी स्थगिती दिली. पुण्याच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्या बंद होता होता वाचल्या. उद्या अशी पाळी नागपूरवर आली तर आपण इतके लोक उभे राहू का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

पण 'केंद्र बंद करू नका' एवढीच मागणी करून भागणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. इमारत राहील, टॉवर राहील, आणि त्यावरून दिवसभर दुसरीकडच्या कार्यक्रमांचं सहक्षेपण होत राहील. त्याला केंद्र वाचलं म्हणायचं का? नागपुरात तयार झालेल्या कार्यक्रमांचा वेळ वाढला पाहिजे. विदर्भात अकरा जिल्हे आहेत. मार्च-एप्रिलात बाया मोहफूल वेचायला जंगलात जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे वाघाचा वावर कुठल्या भागात आहे ही त्यांच्यासाठी दिवसाची पहिली बातमी असते. मुंबईहून येणाऱ्या बातमीपत्रात ती चुकून आली तर येते, आणि तीही जीव गेल्यावर.

दुसरं उदाहरण शहरातलंच. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, मोरभवनच्या स्टँडवर एसटी बसेस पाण्यात उभ्या. अनेक भागांत वीज गेली होती. अशा वेळी पेन्सिल सेलवर चालणारा रेडिओ सगळ्यात कामाचा. पण केंद्राची शेवटची सभा (प्रसारणाचं सत्र) रात्री अकराच्या सुमारास संपते. मध्यरात्री माईकसमोर बसून 'अमुक वस्तीनं वरच्या मजल्यावर जावं' हे सांगायची सोयच नाही. ती सोय मला हवी आहे, आणि या मागण्यांचं निवेदन सगळ्यांच्या सह्या घेऊन द्यायचा माझा विचार आहे.

मनीषनगरचा करदाता

श्रोता सर, तुमची तळमळ समजते, तरी मी विरोधात आहे.

मध्यम लहरी आता ऐकायच्या कशावर? मोबाइलमध्ये मीडियम वेव्ह येत नाही. नव्या फोनमधून तर एफएमसुद्धा गेलं. घरात एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर; ५८५ लावलं की नुसती घरघर. त्यासाठी तीनशे किलोवॅटचा ट्रान्समीटर चालवायचा, आणि वीजबिल आपण भरायचं.

नागपूरला याचा अनुभव आहे. बुटीबोरीला दहा लाख वॅटचा ट्रान्समीटर उभारून मे १९८८ मध्ये राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू केली. देशभर रात्रभर ऐकू येणारं केंद्र. कल्पना मोठी होती. श्रोते पांगले आणि २०१९ च्या सुरुवातीला ती सेवा बंद करावी लागली.

पुराचं म्हणाल तर वाहतूक, हवामान, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती ही माहिती द्यायला खासगी एफएमलाही २०११ च्या धोरणापासून परवानगी आहे. ते बातम्यांत धरत नाहीत. मग सरकारी केंद्रालाच रात्रपाळी कशाला? स्टुडिओ ठेवा, चांगले कार्यक्रम करा, ते 'न्यूज ऑन एअर' ॲपवर आणि यूट्यूबवर टाका. ज्याला ऐकायचं तो ऐकेल. ट्रान्समीटरचा हट्ट सोडा.

झाडीचा माणूस

करदाता भाऊ, तुम्ही मनीषनगरातून बोलून राहिले. एकदा गडचिरोलीत धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे या अन् ते ॲप उघडून दाखवा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, लाइन बंद, अन् टॉवरची बॅटरी संपली की मोबाइल बी बंद. मीडियम वेव्ह जमिनीलगत लांबवर जाते, मधात डोंगर-जंगल आलं तरी. एफएमचं तसं नाही, डोंगरामागं गेलं की गेलं. एप्रिल २०२३ मध्ये देशात ९१ ठिकाणी शंभर वॅटचे एफएम ट्रान्समीटर सुरू केले, चांगली गोष्ट हाय. पन शंभर वॅट कुठवर पुरते? तालुक्याच्या गावाभोवती.

माझी खरी तक्रार वेगळी हाय. झाडीपट्टीत, म्हंजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की मंडई (जत्रा) भरते अन् नाटकं सुरू होतात. देसाईगंज-वडसा हे त्याचं ठाणं. रात्री नाटक बसते ते पहाटेपर्यंत. दंडार हाय, खडीगंमत हाय, गोंधळ हाय, अशा लोककला हायत. हे सारं रेडिओवर लावतात तवा लोकसंगीत म्हणून गाण्याचा एक तुकडा लावतात. कोणत्या गावची दंडार, कोणं बांधली, कवा खेळतात, काही सांगत नाही. निवेदन पुस्तकी मराठीत. आमच्या बोलीत आम्हालाच बोलू द्या नं. सीझनमध्ये आठवड्यातून एक रात्र वडशाहून थेट नाटक ऐकवा. पूर्ण. तीन अंक. मंग पहा किती लोक रेडिओ काढतात कपाटातून.

नैमित्तिक उद्घोषिका (जुनी)

मी काही काळ नैमित्तिक उद्घोषक म्हणून माईकसमोर बसले आहे. केंद्राचं नाव घेत नाही, कारण सगळीकडे तेच होतं.

झाडीच्या दादांनी सांगितलं तो तुकडा कसा तयार व्हायचा ते सांगते. पाव इंची टेपचं स्पूल (रीळ) असायचं. नको तो भाग यंत्राच्या डोक्याशी टेप हातानं पुढे-मागे सरकवून शोधायचा, पिवळ्या मेणपेन्सिलनं खूण करायची, ब्लेडनं तिरपी काप घ्यायची आणि चिकटपट्टीनं दोन टोकं जोडायची. सरळ कापली तर जोडावर 'टक्' असा आवाज येतो, म्हणून तिरपी. खेड्यात जाऊन तासभर ध्वनिमुद्रण केलेलं असलं तरी क्यू शीटवर (कार्यक्रमाच्या वेळा लिहिलेल्या कागदावर) सात मिनिटं असतील तर सातच मिनिटं जायची. उरलेलं? टेप महाग होती. स्पूल पुसून पुन्हा वापरायचं असा शिरस्ताच होता. किती लावण्या, किती जात्यावरच्या ओव्या, किती खंजेरी भजनं अशी पुसली गेली असतील, हा विचार आला की आजही जीव तुटतो.

त्यामुळे माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. नवे तास मागण्याआधी उरलेली स्पूलं वाचवा. चुंबकी थर सुटत जातो, टेप चिकटते, आणि एकदा खपली उडाली की तो आवाज कायमचा गेला. दुसरं, माणसं. कायमस्वरूपी निवेदक आणि कार्यक्रम अधिकारी निवृत्त होतात, जागा भरल्या जात नाहीत, आणि महिन्याला मोजक्या पाळ्या मिळणाऱ्या नैमित्तिक मुलामुलींच्या जिवावर प्रसारण चालतं. त्यांना वडशाला पाठवणार कोण, गाडी कोण देणार, मानधन किती? 'रात्रपाळी हवी' म्हणणं सोपं आहे श्रोता सर. त्या खुर्चीवर कोण बसणार, तेही मागणीत लिहा.

विधिमंडळ परिसर

सगळे चांगलं बोलत आहेत, पण मूळ दुखण्याला हात कोणी लावत नाही. आकाशवाणीच्या बातम्या सरकारच्या बातम्या असतात. मंत्र्यांचे दौरे, योजना, उद्घाटनं. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमकडून किती मोर्चे निघतात, टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला लोक थंडीत दिवसभर बसतात. समालोचनात सभागृहाच्या आतलं येतं, बाहेरचं एका वाक्यात उरकतात.

सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं की प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तीस वर्षांनंतरही रेडिओवर स्वतःची बातमी द्यायचा हक्क एकट्या आकाशवाणीला. खासगी आणि कम्युनिटी रेडिओनं (स्थानिक समुदायाच्या लहान केंद्रांनी) तिच्याच बातम्या जशाच्या तशा लावायच्या. वर्तमानपत्राला मुभा, टीव्हीला मुभा, आणि गावातल्या पन्नास वॅटच्या केंद्राला बंदी. हे मला अजिबात पटत नाही. श्रोता सर, तुम्ही मक्तेदाराला बळ देताय. त्यापेक्षा कम्युनिटी रेडिओला बातम्यांची परवानगी मागा. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर या उपक्रमानं साध्या फोनवरून लोकांना गोंडीत स्वतःची तक्रार सांगायची आणि ऐकायची सोय केली. त्याला ना ट्रान्समीटर लागला, ना प्रसार भारती (आकाशवाणी चालवणारी संस्था).

संत्रानगरीचा श्रोता

@विधिमंडळ परिसर, कम्युनिटी रेडिओला परवानगी मिळावी, मी सही करतो. पण ती मिळेपर्यंत काय? तुमचाच मुद्दा मी उलटा वापरतो. कायद्यानं रेडिओवर स्थानिक बातमी देऊ शकणारी एकच संस्था आहे, म्हणून तिच्याकडून काम करून घेणं जास्त गरजेचं आहे. प्रसार भारती कायद्याचं कलम १२ वाचा. लोकांचा माहितीचा हक्क जपणं आणि देशातल्या निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृती व भाषांना पुरेसं स्थान देणं ही कर्तव्यं त्यात लिहिलेली आहेत. मोर्चाला एका वाक्यात उरकलं तर त्या कलमाकडे बोट दाखवून जाब विचारता येतो. खासगी वाहिनीला तसं विचारता येत नाही.

@करदाता, आपत्तीची माहिती द्यायला खासगी एफएमला परवानगी आहे, हे खरं. ती त्यांची मर्जी आहे, जबाबदारी नाही. पहाटे तीनला नोंदवलेली गाणी संगणकावरून वाजत असतील तर परवानगी काय कामाची?

ताई, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. माणसांची मागणी पहिल्या ओळीत येईल. पण स्पूलं आधी आणि तास नंतर हा क्रम मला मान्य नाही. दहा वर्षं जतनच चाललं तर तोवर नवं ध्वनिमुद्रण करायला गायक उरणार नाहीत.

काटोलचा बागायतदार

शेतीचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. ऑगस्ट-सप्टेंबरात संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ होते तेव्हा मला त्याच दिवशी सल्ला पाहिजे. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, माणसं हुशार आहेत. पण भाषण आधी मुद्रित करून ठेवलेलं, 'बागायतदार बंधूंनी फवारणी करावी' छापाचं. तोवर पाऊस लागून गेलेला असतो. मी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो, तासाभरात उत्तर येतं. तेही धोक्याचंच आहे, कारण उत्तर देणारा बहुतेक वेळा औषध विकणारा असतो.

म्हणून मी मधला आहे. रेडिओ पाहिजे, पण थेट पाहिजे. संध्याकाळी अर्धा तास शास्त्रज्ञ स्टुडिओत, शेतकरी फोनवर, अन् कळमना बाजाराचे त्या दिवसाचे भाव. कोणाचं औषध खपवायचं नाही असा माणूस तिथं बसला पाहिजे. हे एवढं केलं तर मीडियम वेव्ह की एफएम, याच्याशी मला घेणं नाही.

मनीषनगरचा करदाता

बागायतदार भाऊंचा कार्यक्रम मी स्वतः ऐकेन. पण मग तो शहरातही नीट ऐकू आला पाहिजे. १००.६ वर विविध भारती आहे. तिच्यातले सकाळ-संध्याकाळचे दोन-दोन तास नागपूरच्या स्थानिक कार्यक्रमांना द्या, ५८५ फक्त दुर्गम भागासाठी ठेवा, आणि कोण कुठे ऐकतं याचं खरं सर्वेक्षण करून दोन वर्षांनी निर्णय घ्या. सर्वेक्षणाशिवाय एक रुपयाही वाढवायला माझा विरोध कायम आहे. भावनेवर ट्रान्समीटर चालत नाही.

झाडीचा माणूस

सर्वेक्षण करा, पन गडचिरोलीत घरोघरी जाऊन करा. ऑनलाइन फॉर्म पाठवाल तर ज्याच्याकडं नेट नाही तो मोजलाच जानार नाही.

संत्रानगरीचा श्रोता

हा मुद्दा घेतो. निवेदनाचा मसुदा असा करतो आहे: नागपुरात तयार होणारा वेळ वाढवा, रिक्त जागा भरा, आपत्तीत रात्री प्रसारण सुरू करायची व्यवस्था ठेवा, स्पूलं जतन करा, थेट शेती कार्यक्रम, झाडीपट्टीतून नाटक, आणि शेवटी गोंडी, माडिया, कोरकू या भाषांना वेळ.

कोरचीची मास्तरीण

'आणि शेवटी' का? आमच्याकडे मुलं घरून गोंडी बोलत शाळेत येतात. पहिली-दुसरीत मराठी कळत नाही म्हणून गप्प बसतात आणि मठ्ठ ठरतात. गावाला सिकलसेलची तपासणी, मलेरियाची गोळी, ग्रामसभेचा वनहक्क समजावून सांगायचा तर मराठीतली जाहिरात म्हाताऱ्यांपर्यंत पोचत नाही. मराठीच्या बोलींसाठी तुम्ही सगळे भांडलात, चांगलं केलं. पण गोंडी ही मराठीची बोली नाही, वेगळ्या कुळातली भाषा आहे, आणि तिच्यातली बातमी सोडा, साधी हवामानाची सूचना ऐकायला आमची माणसं आसुसलेली आहेत.

रोज दहा मिनिटं गोंडी बातम्या, वाचणारा गोंड समाजातला, आणि ही मागणी मसुद्यात पहिल्या क्रमांकावर. तसं केलं तर आमच्या ग्रामसभांच्या सह्या मी स्वतः गोळा करून आणते. शेवटच्या ओळीत ठेवणार असाल तर माझी सही धरू नका.