मदत हवी आहे: ४:३ आणि १६:९ चित्रफिती एकाच डीव्हीडीवर घेताना चित्राच्या रुंदी-उंचीचे कोणते गुणोत्तर ठेवावे?

नमस्कार. आईवडिलांना घरातल्या चित्रफिती टीव्हीला जोडलेल्या डीव्हीडी प्लेअरवर पाहता याव्यात, म्हणून मी डिस्क तयार करत आहे. जुन्या कॅमकॉर्डरच्या टेपवरून उतरवलेले चित्रीकरण ४:३ प्रमाणातले, ७२० × ५७६ पिक्सेलचे, सेकंदाला २५ फ्रेमचे आणि इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेले) आहे. मोबाईलवरचे १९२० × १०८०, म्हणजे १६:९ आणि ३० फ्रेमचे असून काही भाग मोबाईल उभा धरून घेतलेला आहे. सगळे मिळून २ तास ४० मिनिटे होतात.

पहिल्या प्रयत्नात मी सरसकट ७२० × ५७६ आणि १६:९ असे पर्याय निवडले. टीव्हीवर लावल्यावर आजी काहीशी जाड वाटली, पण नेमके काय बिघडले ते कळेना. मग तिच्या मागच्या भिंतीवरचे गोल घड्याळ मोजपट्टीने मोजले, तर उंची १२ सेंटिमीटर आणि रुंदी १६ भरली. पाल (भारतात रुळलेली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर दोन्ही गुणोत्तरांसाठी पिक्सेल तेवढेच, ७२० × ५७६ असतात, ते चौरस नसतात, आणि चित्र किती ताणायचे हे प्लेअर डिस्कवरच्या गुणोत्तराच्या नोंदीवरून ठरवतो, हे मला तेव्हा उमगले.

आता दोन मार्ग दिसतात. सगळे १६:९ मध्ये ठेवायचे असेल, तर जुने चित्र ५४० पिक्सेल रुंद करून दोन्ही बाजूंना ९० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या द्याव्या लागतील. यात फक्त रुंदी बदलत असल्याने इंटरलेसिंगला धक्का लागत नाही, पण आडवा एक चतुर्थांश तपशील जातो, आणि आजी आता नसल्यामुळे नेमके तेच चित्रीकरण मला सर्वांत मोलाचे आहे. म्हणून जुने ४:३ मध्ये आणि मोबाईलचे १६:९ मध्ये, असे दोन वेगळे टायटल सेट (डिस्कवरचे चित्रफितींचे स्वतंत्र गट) करावेत, याकडे माझा कल आहे. एका टायटल सेटमध्ये एकच गुणोत्तर चालते, हे मी लक्षात ठेवले आहे. मात्र एका मेनूवरून दोन्हीकडे जाताना प्लेअर आणि टीव्ही गुणोत्तर आपोआप बदलतात का, की दर वेळी रिमोटवरून बदलावे लागते? आईवडिलांना ती खटपट करावी लागू नये.

उभ्या चित्रफितींचे काय करावे, हेही कृपया सांगावे. १६:९ च्या चौकटीत त्यांना जेमतेम २२८ पिक्सेल रुंदी मिळते, ४:३ मध्ये ३०४. म्हणून त्या जुन्या चित्रीकरणाच्या सेटमध्ये टाकणे योग्य ठरेल का?

तिसरी अडचण फ्रेमची आहे. ३० च्या २५ फ्रेम केल्यावर, कॅमेरा हळूहळू फिरवलेल्या ठिकाणी चित्र धक्के खात पुढे सरकते. एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीत २९.९७ फ्रेम मिळतात, पण उंची ४८० वर येते आणि दोन्ही पद्धती एकाच डिस्कवर मिसळता येत नाहीत. मोबाईलच्या चित्रफितींसाठी वेगळी एनटीएससी डिस्क करावी, की २५ फ्रेमवर आणण्याची याहून चांगली पद्धत आहे?

बिटरेटचा (दर सेकंदाला किती डेटा वापरायचा याचा) हिशेबही दोन डिस्ककडेच झुकतो. ४.७ जीबीच्या एका डिस्कवर सगळे बसवल्यास आवाजाचे १९२ केबीपीएस वजा जाता चित्राला सुमारे ३.७ एमबीपीएस उरतात, आणि कॅमकॉर्डरच्या इंटरलेस्ड चित्राला ते कमी पडतात. पानांच्या सळसळीत चौकोन उमटलेले मी पाहिले आहेत. ज्यांनी असे मिश्र साहित्य डिस्कवर घेतले आहे, त्यांनी आपण कोणते पर्याय ठेवले ते कृपया लिहावे.