इंदूर : पिक्चर अंधारा होता, की पडदा? पाच मराठी चित्रपट आणि एक शंका

राजवाडा_मॅटिनी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आपल्याकडे इंदुरात मराठी पिक्चर लागला तर दिवसाला एखादा शो, तोही आडवेळी. त्यामुळे खालच्या पाचांपैकी दोन मल्टिप्लेक्समध्ये आणि तीन घरी ५५ इंची टीव्हीवर पाहिले आहेत.

दशावतार (थिएटर, शेवटची रांग, रिक्लायनर) : दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री मनात घर करून बसला. पण रानातली रात्रीची दृश्यं काळीमिट्ट, वाद्यं छातीवर आदळणारी, आणि संवाद मात्र तोंडात पुटपुटल्यासारखे. मालवणी अर्धी डोक्यावरून गेली.

साबर बोंडं (थिएटर, कडेची खुर्ची) : आदर वाटला, पण फार संथ. मध्ये मध्ये नुसती शांतता.

आता थांबायचं नाय! (घरी) : मनापासून आवडला. महापालिकेचे कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, एवढ्याशा गोष्टीवर अडीच तास कुठे गेले कळलं नाही.

द डिसायपल (घरी) : गाणं ऐकायला बसलो, पण तंबोरा डासासारखा आणि बोलणं हळू. आवाज वाढवला की गाणं अंगावर येतं.

श्यामची आई, २०२३ची (घरी) : कृष्णधवल म्हणतात, आमच्याकडे निळसर दिसली.

अंधार, पुटपुट, संथपणा, निळेपणा यांतलं किती चित्रपटाचं आणि किती हॉलचं वा टीव्हीचं, हे ओळखायचं कसं? त्याशिवाय या चित्रपटांबद्दल काही बोलणं अन्याय होईल असं वाटतं.

---

पडद्यामागचा

थिएटरच्या दोन्ही चित्रपटांबद्दल सांगतो.

आधी उजेड. डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार पडद्याच्या मध्यभागी पांढऱ्या रंगाचा उजेड १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे दर चौरस मीटरला ४८ कॅन्डेला असायला हवा. चित्रपटाचं रंगकाम करणारा माणूस रात्रीच्या दृश्यातल्या सावल्या या उजेडाच्या हिशेबाने ठरवतो. हॉलमध्ये तो निम्म्यावर आला, तर दुपारची दृश्यं चालून जातात, रात्रीची मरतात. म्हणून ओळखायची पहिली खूण ही : फक्त रात्र काळी आणि दिवस ठीक, असं असलं तरी शंका हॉलवर घ्या. घरातली साधी दृश्यंही मळकट वाटत असतील, चेहऱ्यावरचा घाम किंवा पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या दिसत नसतील, तर खात्रीच धरा.

कारणं तीन. झेनॉन दिव्याचे तास भरत आलेले असतात आणि खर्च वाचवायला तो ओढला जातो. किंवा आधीच्या थ्रीडी शोचा ध्रुवक फिल्टर भिंगासमोर तसाच राहिलेला असतो. तो बराच उजेड खातो. किंवा पडदाच थ्रीडीसाठी लावलेला चंदेरी असतो. चंदेरी पडदा मधल्या खुर्चीला उजळ दिसतो आणि कडेला बसणाऱ्याला त्याची दूरची बाजू काळवंडलेली दिसते. तुम्ही साबर बोंडं कडेला बसून पाहिलात, तेव्हा हे तिसरं कारण तिथे लागू पडू शकतं.

आता आवाज. संवाद बहुतेक सगळे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. वाद्यं, गर्दी, पाऊस वगैरे डावी-उजवीकडून आणि भिंतींवरून. आवाजाच्या प्रोसेसरवर एक आकडा असतो, त्याला फेडर म्हणतात; डॉल्बीच्या यंत्रात त्याची प्रमाण पातळी ७. मिक्सिंग स्टुडिओत चित्रपट त्याच पातळीवर ऐकून घडवलेला असतो. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, प्रेक्षक तक्रार करतात, आणि ऑपरेटर आकडा ५ वर आणून तिथेच ठेवतो. एका आकड्याला साधारण ३.३ डेसिबल, म्हणजे चित्रपट जवळजवळ ६.७ डेसिबलने खाली गेला. मोठे आवाज तरीही मोठेच वाटतात, हळू संवाद एसीच्या आवाजाखाली बुडतात. तुम्हाला जे वाटलं ते बरोबर हेच.

त्यात तुमची शेवटची रांग. मागच्या भिंतीलगत खर्जाच्या लहरी साचतात, भिंतीवरचे स्पीकर कानाशी येतात आणि मधला स्पीकर सगळ्यात लांब राहतो. वाद्यं छातीवर आणि शब्द दूर, हे तिथे होणारच. रिक्लायनरचा मोह सोडा. पडद्यापासून हॉलच्या लांबीच्या दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध बसा. बारा रांगा असतील तर पडद्याकडून आठवी.

एक वेगळा बिघाडही असतो : आवाज पुरेसा मोठा, पण स, श, च, ट ही अक्षरं गळालेली, जणू कुणी तोंडावर रुमाल धरून बोलतंय. तेव्हा मधल्या स्पीकरचा वरच्या स्वरांचा भाग बंद पडलेला असतो. आकडा वाढवून उपयोग नाही, तंत्रज्ञ बोलवावा लागतो.

तक्रार मध्यंतरात नको, पहिल्या दहा मिनिटांत. गेटवरच्या मुलाला न सांगता ड्युटी मॅनेजरला गाठा आणि "आवाज वाढवा" म्हणू नका. "फेडर कितीवर आहे, संवाद ऐकू येत नाहीत" असं विचारा. उजेडासाठी "थ्रीडीचा फिल्टर काढलाय का" हे विचारा. नेमकं विचारणाऱ्याचं काम होतं, हा सगळीकडचा नियम आहे.

---

काळी_एक

डिसायपलबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपण अमीर खाँसाहेबांच्या इंदूरचे, संथ गाण्याचं आपल्याला वावडं नसावं.

पुरुष गायकाचा षड्ज (सा) काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी, धरला, तर तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर येतो. टीव्हीचे आतले स्पीकर १५०च्या खाली फारसे बोलतच नाहीत. तरी सूर कळतो, कारण वरचे स्वरांश ऐकू येतात. पण तंबोऱ्याचं अंग जातं आणि जवारीचा झणकार तेवढा उरतो. म्हणून तुम्हाला डास वाटला. या चित्रपटात तंबोरा हा शोभेचा नाही. गुरूंच्या गुरू असलेल्या माईंच्या ध्वनिफिती ऐकत गाणं शिकणारा शरद रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवतो, त्या दृश्यांमध्ये माईंचा आवाज (तो सुमित्रा भावे यांचा आहे) आणि तंबोरा हे दोनच आधार आहेत. तंबोरा पातळ झाला की ते दृश्य नुसतं व्याख्यान होतं, आणि चित्रपट उपदेश करतोय असा ग्रह होतो. माझ्या मते तो उपदेश करत नाही; त्या आवाजाच्या ओझ्याखाली एक साधारण कुवतीचा माणूस कसा वाकतो, ते दाखवतो.

उपाय क्रमाने करा. ॲपमध्ये ऑडिओचा पर्याय उघडून ५.१ (सहा चॅनलांच्या) ऐवजी साधा स्टीरिओ ट्रॅक असेल तर तो घ्या. ५.१ चा ट्रॅक दोन स्पीकरांत उतरवताना मधला चॅनल साधारण ३ डेसिबलने कमी करून दोन्हीकडे वाटतात आणि सबवूफरचा चॅनल बहुधा टाकूनच देतात. मग टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत 'व्हर्च्युअल सराउंड' बंद करा; तो गाणं फुगवतो आणि बोलणं पसरवतो. रात्री कमी आवाजात ऐकायचं असेल तर 'नाइट मोड' लावा, त्याने मोठ्या-लहान आवाजातली दरी कमी होते. पण डिसायपलला, किंवा संगीत मानापमानसारख्या कुठल्याही गाण्याच्या चित्रपटाला, नाइट मोड लावू नका. दरीच गेली की तानेची चढ-उतार सपाट होते.

साउंडबार घ्यायचा विचार असेल तर खोक्यावरचा आकडा बघा. २.१ मध्ये मधला स्पीकर नसतो, ३.१ मध्ये असतो. संवादांसाठी ३.१ घ्या, भिंतभर स्पीकर नकोत. बार २.१ असेल तर टीव्हीच्या डिजिटल आउटपुटमध्ये 'पास-थ्रू'ऐवजी 'पीसीएम' (टीव्हीनेच उलगडून दिलेला साधा आवाज) ठेवा. आणि एचडीएमआयची केबल 'एआरसी' लिहिलेल्या खोबणीतच लावा, शेजारच्या नाही.

---

रामबाग_रविवार

श्यामची आईचा निळेपणा सोपा आहे. कृष्णधवल चित्रपट हा टीव्हीची सेटिंग तपासायचा उत्तम दगड. त्यात रंगच नाही, म्हणून जो रंग दिसेल तो तुमच्या टीव्हीचा.

दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून तो 'व्हिव्हिड' किंवा 'स्टँडर्ड'वर, 'कूल' रंगतापमानात येतो. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा, रंगतापमान 'वॉर्म'. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल. डोळे बसले की जुनं चित्र दवाखान्यातल्या ट्यूबलाइटसारखं वाटायला लागतं. शार्पनेस शून्याजवळ आणा, नाहीतर आईच्या लुगड्याच्या काठाभोवती पांढरी रेघ दिसेल.

नंतर मोशन स्मूदिंग बंद. सोनीत त्याचं नाव मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली खोटी चित्रं भरून तो मालिकेसारखा गुळगुळीत करतो. ऊर्जा बचत आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सरही बंद करा. चित्र आपोआप आणखी मंद होतं ते बऱ्याचदा त्यांच्यामुळे.

अंधारात आकाशावर पायऱ्या-पायऱ्या दिसत असतील तर इंटरनेट कमी पडतंय. नेटफ्लिक्स १०८० साठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस मागतं. तंगी आली की ॲप आधी सावल्यांचा तपशील कापतं. डिसायपलमधला रात्रीचा रस्ता याला पहिला बळी पडतो.

बसायचं अंतर टीव्हीच्या कर्णाच्या १.६ पट. ५५ इंचाला ८८ इंच, म्हणजे सव्वासात-साडेसात फूट. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवलेला असतो आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर बारा फुटांवर, शिवाय देवघराच्या उंचीवर! सोफा पुढे ओढा भिया.

---

कांदेपोहे_नकोत

वरचं सगळं पटलं, पण सगळा दोष यंत्रांवर ढकलू नका. साबर बोंडं मधोमध बसून, चांगल्या पडद्यावर पाहिला तरी संथच आहे, आणि ते त्याचं बळ आहे.

वडील गेल्यावर आनंद मुंबईहून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. सुतकात वेळ जातच नाही. नातेवाईक येतात, लग्नाचं विचारतात, जातात. चित्रपट तोच वेळ आपल्याला बसून काढायला लावतो, म्हणून बालमित्र बाळ्याबरोबरचा प्रत्येक क्षण सुटकेसारखा वाटतो. दिग्दर्शक रोहन कानवडे यांनी पार्श्वसंगीत वापरलेलं नाही. तुम्ही ज्याला "नुसती शांतता" म्हणता तिथे गुरं, पाखरं, दूरची माणसं असं पुष्कळ चाललेलं असतं. ते ऐकू आलं नाही तर शांतता रिकामी होते. एवढ्यापुरता मात्र दोष हॉलचा असू शकतो : एसीची घरघर, किंवा शेजारच्या स्क्रीनवरच्या मारामारीचा भिंतीतून येणारा धमधमाट. हा चित्रपट सकाळच्या शोला पाहावा, शेजारचे स्क्रीन तेव्हा बहुधा शांत असतात.

कसोटी हवी असेल तर ही घ्या. एखादा लांब शॉट चालू असताना विचारा, पहिल्या पाच सेकंदांनंतर मला नवं काही दिसलं का, ऐकू आलं का? आलं असेल तर लांबी चित्रपटाच्या कामाची. नसेल, आणि यंत्रणा ठीक असेल, तर दिग्दर्शकाची कात्री बोथट.

याच कसोटीवर 'स्थळ' हा चित्रपट पाहा. दिग्दर्शक जयंत सोमलकर मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवतात : तेच पाटावर बसणं, तेच प्रश्न, तेच पोहे. कुणी म्हणेल, तेच तेच काय. पण सुरुवातीला नायिका सविताच मुलाला प्रश्न विचारते असं उलटं स्वप्न आहे, आणि त्यानंतरची प्रत्येक फेरी त्या स्वप्नाशी ताडून बघावी लागते. दर वेळी तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी कमी होत जातं. ते बारा फुटांवरून, मोबाईल बघत, दिसणार नाही.

आता थांबायचं नाय! कुठेही पाहा, तो टिकतो. चित्रपट संवादांवर आणि भरत जाधव, सिद्धार्थ जाधव यांच्या वेळेच्या अचूकपणावर उभा आहे. त्याला मोठा पडदा मिळाला तर छान, नाही मिळाला तरी बिघडत नाही. दशावताराचं उलटं : त्याला पडदा हवाच. माझी तक्रार वेगळी आहे. प्रभावळकर असतात तोवर चित्रपट श्वास घेतो, उत्तरार्धात कथानकच धावायला लागतं आणि कलावंत मागे राहतो. हा दोष कुठल्याही फेडरने जाणार नाही.

मालवणीबद्दल : उपशीर्षकं असलेला शो मिळाला तर तोच घ्या, त्यात कमीपणा नाही. इंदुरी मराठीचा कान हिंदीच्या अंगाने घडलेला. मालवणीतले "खंय" (कुठे), "झील" (मुलगा), "चेडू" (मुलगी) असे दहा-बारा शब्द आधी माहीत करून घेतले तरी पुष्कळ सोपं जातं.

---

राजवाडा_मॅटिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. टीव्ही 'सिनेमा' आणि 'वॉर्म'वर आणला, श्यामची आई खरोखर करडी झाली. स्टीरिओ ट्रॅकवर बोलणंही स्वच्छ येतंय. एकच अडचण : ब्लूटूथ स्पीकर लावला की ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. हे सुधारतं का?

---

पडद्यामागचा

ब्लूटूथवर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. आवाज सुमारे १२५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशिरा आला की माणसाला कळतं. आधी आला तर ४५ लाच कळतं. टीव्हीतला 'ऑडिओ डिले' बहुतेक संचांत आवाज आणखी मागे नेतो, पुढे आणत नाही, म्हणून इथे उपयोगाचा नाही. स्पीकरला ऑक्सची खोबण असेल तर टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून ३.५ मिमीची वायर टाका. जॅक नसेल तर ऑप्टिकलमधून ॲनालॉग करणारी छोटी डबी मिळते, तिच्यासाठी टीव्हीचं आउटपुट 'पीसीएम'वर हवं, नाहीतर काहीच ऐकू येणार नाही. वायर लावली की डिसायपलमधला गाण्याच्या बैठकीचा प्रसंग लावा आणि तबल्यावर पडणारा हात बघा. ओठांपेक्षा तिथे चूक लवकर पकडता येते.