गणपतरावांची शेकापनिष्ठा सांगोल्याला महाग पडली का?

माणकाठ: गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून 11 वेळा आमदार झाले. 1962 साली पहिल्यांदा निवडून आले, 1972 आणि 1995 ला पडले, पण शेतकरी कामगार पक्ष सोडला नाही. राज्यभर लाल बावटा ओसरत गेला तरी नाही. एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांचं कौतुक खूप झालं. मला त्यांचं मोठेपण या निष्ठेत जास्त दिसतं. कुठल्याही मोठ्या पक्षाने त्यांना पायघड्या घातल्या असत्या.

टेलचा शेतकरी: आदर मलाही आहे, पण निष्ठेवर पीक येत नाही. एवढी वर्षं आमदारकी, आणि टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी यायला एकविसावं शतक उजाडलं. दोनदा मंत्रिपद मिळालं, 1978 ला आणि 1999 ला, तेही थोडक्या काळासाठी. बाकी बहुतेक वर्षं विरोधी बाकावर. शेजारच्या माळशिरस तालुक्यातल्या अकलूजकडे बघा, सत्तेत राहून तिथल्या मोहिते-पाटलांनी केवढं उभं केलं.

माणकाठ: अकलूजची तुलना पटत नाही. त्या भागाला इंग्रजांच्या काळात सुरू झालेला नीरा उजवा कालवा मिळाला. आमच्याकडे माण नदी, तीही बहुतेक वर्ष कोरडी. अशा तालुक्यात आबांनी सूतगिरणी उभी केली आणि नीट चालवून दाखवली. रोजगार हमीतून फळबाग योजना आली, माळरानावर डाळिंब उभं राहिलं. पाण्याचं म्हणाल, तर 1993 पासून आटपाडीच्या पाणी परिषदांत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबर तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी कोण भांडत होतं? तेव्हा सत्तेतल्या किती आमदारांनी तिथे तोंड उघडलं?

टेलचा शेतकरी: परिषदांचं श्रेय देतो. पण मागणी लावून धरणं वेगळं आणि अंदाजपत्रकात पैसा टाकून घेणं वेगळं. वाट बघण्यात एक पिढी मुंबई-पुण्याला गेली, त्याचा हिशेब कोणी द्यायचा?

लालमाती: माझा आक्षेप वेगळाच आहे. 2019 ला आबा थांबले तेव्हा उमेदवारी नातवाला गेली. तो 768 मतांनी हरला. 2024 ला दुसरा नातू निवडून आला. आयुष्यभर पक्ष जपला, मग घराबाहेरचा एकही कार्यकर्ता त्या जागेसाठी तयार का झाला नाही?

माणकाठ: लालमाती, हे खरं आहे आणि याचं मला दुःख आहे. पण मतदारांनीही घरातलाच चेहरा मागितला. त्याचा दोष एकट्या आबांवर टाकणार नाही.