औंधची चित्रं यमाईच्या डोंगरावरच राहावीत का?

फिरस्ता_सातारकर
(आधीच सांगतो, पुण्यातलं औंध नव्हे, खटाव तालुक्यातलं.) तिथल्या श्री भवानी चित्रसंग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, चित्रकार धुरंधरांची चित्रं आहेत, हिमालयाकडच्या पहाडी शैलीतली किरातार्जुनीयाची (शिव आणि अर्जुनाच्या युद्धाच्या कथेची) लघुचित्रं आहेत. इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्पसुद्धा! मूर बघायला लोक लंडनला जातात आणि आपल्याकडे तो साताऱ्यापासून तासाभरावर आहे, हे किती जणांना ठाऊक? डोंगरावरच्या यमाई देवीचं दर्शन झालं की वाटेत डोकावणारेच जास्त. माझं सरळ मत आहे की निवडक पंचवीस-तीस कलाकृती मुंबईला हलवाव्यात. बघणाराच नसेल तर चित्र काय कामाचं?

खटावची_लेक
म्हणजे आम्ही बघणारे नाहीच का? औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ही इमारत डोंगरावर बांधली ती उगाच नाही. चित्रं राजवाड्यात पाहुण्यांपुरती ठेवायला त्यांना कोण अडवत होतं? जिथे रयत देवीला येते तिथेच त्यांनी चित्रं ठेवली. बरं, हा माणूस नुसता विकत घेणारा नव्हता. स्वतः चित्रकार, चित्ररामायण काढलेला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला चित्रकार घेऊन स्वतः गेलेला. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, याच राजानं ग्रामपंचायतींच्या पायावर उभी राज्यघटना देऊन आपली सत्ता लोकांच्या हाती दिली. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

रोखठोक
राजेसाहेबांची आरती पुरे. बहात्तर गावांचं संस्थान, त्यात आटपाडीसारखा दुष्काळी मुलूख. तिजोरीत पैसा कुठून आला? शेतसाऱ्यातूनच ना? माणदेशात प्यायला पाणी नाही आणि भिंतीवर रविवर्मा! याला मी कलाप्रेम म्हणत नाही, शौक म्हणतो.

खटावची_लेक
@रोखठोक, मान्य करू. पैसा आमच्या पणज्यांच्या साऱ्याचा होता. मग चित्रं आमची झाली की! ती मुंबईला का द्यायची?

रोखठोक
हे मात्र बिनतोड. मुद्दा मागे.

रंगछटा
मी चित्रांच्या जतनाचं थोडं काम केलंय म्हणून लिहिते. या इमारतीचं कौतुक होतं ते तिथल्या नैसर्गिक उजेडामुळे. वरून झिरपणारा उजेड, चित्रावर सावली नाही. बघायला फार सुंदर. पण तैलरंग एक वेळ उजेड सोसतो, लघुचित्रं नाहीत. कागदावरचे रंग उजेडानं विटतात आणि विटलेला रंग पुन्हा येत नाही. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात कोरडी भट्टी, पावसाळ्यात दमट. कॅनव्हास ताणतो, सैलावतो, रंगाला भेगा जातात. तेव्हा गाव की शहर यावर भांडण्याआधी लघुचित्रांसाठी एक मंद उजेडाचं, तापमान स्थिर ठेवणारं दालन मागा. ती लघुचित्रं मूरपेक्षा नाजूक आहेत, पण बोलतात सगळे मूरबद्दल.

फिरस्ता_सातारकर
अशी सोय मुंबईत आयती मिळते, हेच तर म्हणतोय.

भायखळ्याचा_बाळू
आयती? मालक, आमचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये राणीच्या बागेत लोकांना खुलं झालं. अगदी मुंबईच्या मध्यात. तरी त्याची रया गेली होतीच ना? २००३ ला महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक संस्था आणि बजाज प्रतिष्ठान एकत्र आले, पाच वर्षं काम चाललं, तेव्हा २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. पत्त्यानं काही वाचत नाही. पैसा आणि जाणकार माणसं लागतात, ती औंधलाही नेता येतात.

फिरस्ता_सातारकर
ठीक, कायमचं हलवणं सोडतो. पण दर दोन-तीन वर्षांनी चार महिने मुंबईत प्रदर्शन? माहिती झाली तर लोक औंधला येतीलच. संगीत महोत्सवाला पुण्या-मुंबईचे रसिक रात्रभर जागायला येतातच की.

रंगछटा
मूर आणि तैलचित्रं नीट पेट्या करून न्या. लघुचित्रं नकोत.

खटावची_लेक
चालेल. पण नेलेल्या चित्राच्या जागी भिंत मोकळी ठेवायची नाही. तेवढे चार महिने मुंबईच्या संग्रहालयांनी त्यांची चित्रं आमच्याकडे पाठवायची. मूळ चित्रं हं, छापील प्रती नकोत. आहे कबूल?

भायखळ्याचा_बाळू
आता मुंबईकर गप्प बसतील बघा 😄