रोमँटिसिझम म्हणजे पळपुटेपणा?

रेघोट्या: परवा इथे कुणीतरी रोमँटिसिझमबद्दल, म्हणजे भावना आणि कल्पनेला नियमांपेक्षा वर मानणाऱ्या युरोपातल्या कला-साहित्य चळवळीबद्दल, लिहिलं, ‘रोमँटिक म्हणजे चंद्र, धुकं, उसासे, जगाच्या दुःखाकडे फिरवलेली पाठ.’ डोकं फिरलं वाचून. फ्रेंच रोमँटिक चित्रकार जेरिकोचं ‘मेड्युसाचा तराफा’ (१८१९) हे चित्र बघितलंय का? १८१६ साली ‘मेड्युसा’ हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतलं. कप्तान सरकारी वशिल्याचा, २०हून अधिक वर्षं समुद्रावर न गेलेला. तराफ्यावर लोटलेल्या सुमारे १४७ जणांतले १३ दिवसांनी १५ जिवंत सापडले. जेरिकोने वाचलेल्यांना गाठलं, तराफ्याची प्रतिकृती करवून घेतली, प्रेतांचे अवयव समोर ठेवून रेखाटले. सात मीटर रुंद कॅनव्हासवर सरकारची अब्रू काढली. हा पळपुटेपणा?

पाणवठा: ते वाक्य माझंच. १३ दिवसांचे उपाशी लोक, आणि चित्रात पैलवान! माझी आजी ७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. भुकेने माणसाचं काय होतं ते तिच्याकडून ऐकलंय. दुःख देखणं केलं की बघणारा सुटतो.

जुनी पेठ: आधी ‘रोमँटिक’ म्हणणं थांबवा. ‘स्वच्छंदतावाद’ हा शब्द आहे ना आपल्याकडे?

रेघोट्या: डोकं भादरून, महिनोन्‌महिने स्टुडिओत कोंडून घेऊन काम करणारा माणूस स्वच्छंदी?

जुनी पेठ: स्वतःच्या छंदाने चालणारा, कलेचे नियम ठरवणाऱ्या अकादमीच्या नव्हे! ‘रोमँटिक’ म्हटलं की वर्गात पोरं खिदळतात. पंचवीस वर्षं शिकवतोय मी. केशवसुतांच्या ‘तुतारी’तला (१८९३) संताप त्यांच्यापर्यंत पोचवायचा कसा?

वाळवण: ‘स्वच्छंदतावादाची वैशिष्ट्ये’ पाठ करण्यात माझं अख्खं वर्ष गेलं. कविता एकही धड वाचून दाखवली नाही कुणी. कवितेची धास्ती बसली ती बसलीच.

जुनी पेठ: त्यात शब्दाचा काय दोष?

वाळवण: शब्दाचा नसेल. शिकवणाऱ्यांचा आहे, सर.

जुनी पेठ: मला न ओळखता बोलताय. मी आधी कविताच वाचतो, मोठ्याने.

पाणवठा: माझ्या आजीचं राहिलंच बाजूला.

रेघोट्या: नाही राहिलं. देह धष्टपुष्ट आहेत, मान्य करावंच लागेल. पण सगळ्यांच्या वर, कापड हलवणारा पाठमोरा माणूस बघा. काळा आहे तो. फ्रेंच वसाहतींतली गुलामी १८४८पर्यंत चालू होती. त्या काळात जेरिकोने सगळ्यांची आशा त्याच्या हातात दिली.

पाणवठा: हे लक्षात आलं नव्हतं. ‘पाठ फिरवली’ एवढं मागे घेतो. आजीने मात्र आधी त्या दंडांकडेच बोट दाखवलं असतं.